शाळेच्या बागेचा तयार संच: बॅगा सहा, भर चारांपुरतीच

प्राथमिक शाळांसाठी विकल्या जाणाऱ्या बागेच्या संचांची बांधणी बहुतेक सारखीच असते: १२ बाय १२ इंची सहा ग्रो बॅगा (रोपे लावायच्या पिशव्या), कोकोपीटची म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची ५ किलोची वीट, ५ किलो गांडूळखत, बियांची पाकिटे, खुरपी, झारी आणि कृतिपत्रिका. ग्रो बॅगा उत्तम. बाकीच्या वस्तूंकडे मात्र डोळसपणे बघावे लागते.

पहिली गडबड हिशेबातच आहे. वरून दोन इंच सोडले तरी एका बॅगेत साधारण १८ लिटर मिश्रण जाते, म्हणजे सहांना सुमारे ११० लिटर. वीट भिजून ७० लिटरच्या आसपास फुलते, खत जेमतेम ७-८ लिटर. चार बॅगा भरतात, दोन रिकाम्या राहतात. चाळलेली ३०-३५ लिटर माती मिसळली की प्रश्न सुटतो. ती मिसळावीच, कारण कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसते. हे गणित शिक्षकांनी परस्पर उरकू नये. चौथीच्या मुलांच्या हातात एक लिटरचे माप आणि बादली द्यावी. संचातला सगळ्यात चांगला धडा हाच आहे, आणि नेमका तोच पत्रिकेत नाही.

वीट भिजवायला २०-२५ लिटर पाणी लागते. पहिले पाणी निथळून टाकावे. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार राहतात आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात. दुसरी खोड अशी की ते वरून कोरडे दिसते, आत मात्र ओलेच असते. मुले हौसेने रोज पाणी घालतात आणि रोपे बुंध्याशी मऊ पडून कोलमडतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचे, आत ओल लागली तर पाणी नाही, एवढा एकच नियम फळ्यावर लिहावा.

झारी पाच लिटरची असेल तर मोठ्यांनीच वापरावी. भरलेली झारी सात वर्षांच्या मुलाला पेलत नाही, धार एकदम पडते आणि मेथीचे सगळे दाणे वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात. एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला आठ-दहा बारीक भोके पाडली की काम भागते.

बियांच्या पाकिटांत सर्वात जास्त सावध राहावे. मक्याचे किंवा घेवड्याचे दाणे गुलाबी, निळे असे रंगवलेले निघाले तर त्यांना बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊच नयेत. मेथी आणि मुळा ३-५ दिवसांत उगवतात, सुरुवात त्यांनीच करावी. धने हलके रगडून दोन फाका केल्याशिवाय पेरू नयेत, तरीही दहा-पंधरा दिवस धीर धरावा लागतो. मिरचीचे पाकीट बाजूला ठेवलेले बरे. फळ धरेपर्यंत सत्र संपायला येते.

‘बी एक इंच खोल पेरा’ अशी सरसकट सूचना छापलेली असेल तर ती खोडावी. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोली पुरते. पेन्सिलीवर १ आणि ३ सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावली की मेथी आणि घेवडा दोन्हींची सोय होते.

उंचीच्या तक्त्यात हमखास घोळ होतो. मुले मोजपट्टी भुसभुशीत मातीत दाबतात, पट्टीचे शून्यही काठाच्या जरा आत असते. मग एकाच रोपाच्या पाच उंच्या नोंदल्या जातात. बुंध्याशी आइस्क्रीमची काडी आडवी ठेवावी आणि शून्य तिच्याशी जुळवावे. पहिली-दुसरीला आकडेही नकोत. रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून दर सोमवारी शेजारीशेजारी चिकटवली की आलेख आपोआप तयार होतो.

तीस मुलांना एक संच पुरतो, पाच जणांमागे एक बॅग. प्रत्येक गटाने दहा दाणे ओल्या कापडात वेगळे ठेवावेत. बॅगेत काही उगवले नाही तर दोष बियाण्याचा की पाण्याचा, हे त्यावरून तिथल्या तिथे कळते.