'विच एअरलाइन?' असं त्याने विचारलं आणि मी चक्क उत्तर दिलं

आधीच सांगते, मी बावळट नाही. शिकागोत कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स करते. गिफ्ट कार्ड मागणारे, इमिग्रेशनमधून बोलतोय म्हणून दम देणारे, फोनवरचे सगळे ठग मला माहीत होते. ओरिएंटेशनच्या दिवशी शेजारच्या मुलीला मीच हसत हसत सांगत होते. तरी माझे ७४८ डॉलर ५० सेंट एअरलाइनच्या एका खोट्या कस्टमर केअरवाल्याच्या घशात गेले. तेव्हाच्या ८२ च्या भावाने ६१,३७७ रुपये. हा हिशेब बाबांनी सांगलीत बसून केला. मी तासांत केला. लायब्ररीच्या काऊंटरवर मला तासाला १५ डॉलर मिळतात आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. म्हणजे अडीच आठवडे मी त्या माणसासाठी पुस्तकं लावली.

२०२३ च्या मार्चमधला स्प्रिंग ब्रेक. आम्ही पाच जणी आधी कॅनकूनला जाणार होतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, म्हणून इथल्या देशी पोरांचं ते ठरलेलं ठिकाण. तिथून मी एकटी न्यू जर्सीत नेवार्कला उतरून एडिसनला मावशीकडे, कारण २२ तारखेला पाडवा होता. २६ फेब्रुवारीला, रविवारी संध्याकाळी सहा वाजता, एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवरून मी ५१२ डॉलरचं तिकीट काढलं. वार, वेळ, साइट, तिन्ही लक्षात ठेवा.

रात्री अकराला बाबांचा फोन. तिकडे सकाळचे साडेदहा. "पासपोर्टवर 'मृणाल विलास' आहे, तिकिटावर नुसतं 'मृणाल'. परदेशात निघालीयस, चढू देतील का?" आपल्या नावांचं हे कायमचं दुखणं आहे. वडिलांचं नाव पासपोर्टात आपल्या नावाला चिकटून बसतं आणि फॉर्म भरताना आपण ते विसरतो. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी मिडटर्म होती. नेटवर एअरलाइनचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं टाकलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो दाबला. त्याच्यावर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड', म्हणजे पैसे देऊन केलेली जाहिरात, असं लिहिलेलं होतं. आता दिसतं ते.

पहिल्या रिंगला फोन उचलला. रविवारी रात्री अकराला कुठली एअरलाइन पहिल्या रिंगला फोन उचलते? आणि मग त्याने विचारलं, "विच एअरलाइन आर यू ट्रॅव्हलिंग विथ?"

या वाक्यापाशी मी रोज रात्री येऊन थांबते. मी एअरलाइनला फोन लावला आहे आणि एअरलाइन मला विचारते की तुमची एअरलाइन कोणती! सराफाच्या दुकानात शिरावं आणि त्याने विचारावं, हे दुकान कशाचं? तिथेच फोन ठेवायला हवा होता. मी काय केलं? नाव सांगितलं. वर स्पेलिंगही सांगितलं.

मग तो हिंदीवर आला. "आप महाराष्ट्र से हो ना मॅडम? टेन्शन मत लो." आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. सहा महिने इंग्रजीत होल्डवर थांबून थांबून कान किटले होते. त्याने पीएनआर (बुकिंगचा नंबर) आणि आडनाव मागितलं, आणि मिनिटभरात माझी फ्लाइट, वेळ, सीट नंबर धडाधड वाचून दाखवला. माझी खात्री पटली ती इथे. पीएनआर आणि आडनाव हातात असलं की कोणीही साइटवर जाऊन बुकिंग बघू शकतं, हे मला डोक्याला ताण न देताही कळायला हवं होतं. मीच दिलेली माहिती त्याने मला परत वाचून दाखवली, एवढंच.

नाव दुरुस्तीचे १४८ डॉलर ५० सेंट, डेबिट कार्डावर. (डेबिट! म्हणजे थेट खात्यातून. क्रेडिट कार्ड पाकिटात होतं.) मग एक ईमेल आली. "'आय ऑथराइज' लिहून रिप्लाय करा, फॉर्मॅलिटी आहे." केला. मग म्हणे तिकीट रीइश्यू करावं लागेल, त्याचं ६०० डॉलर डिपॉझिट, सात दिवसांत परत. ते मात्र कार्डाने नाही, फोन नंबरवर बँकेतून थेट पाठवायचे, आपल्या यूपीआयसारखे. ५१२ च्या तिकिटाला ६०० डिपॉझिट! "लाइन पे रहिए मॅडम." राहिले. चाळीस मिनिटं.

सकाळी एअरलाइनच्या ॲपमधून चॅट केलं. उत्तर आलं: वडिलांचं नाव नसलं तरी अडचण नाही, हवं तर आम्ही नोंद करतो, पैसे लागत नाहीत. आणि याहून जिव्हारी लागणारी गोष्ट नंतर कळली. अमेरिकेत एअरलाइनकडून थेट तिकीट काढलं आणि प्रवासाला सात दिवस किंवा जास्त असतील, तर २४ तासांत रद्द करून सगळे पैसे परत मिळतात, किंवा आधी काही पैसे न भरता एअरलाइन भाव २४ तास धरून ठेवते. माझ्या तिकिटाला पाच तास झाले होते. दोन क्लिकमध्ये रद्द करून बापाच्या नावासकट नवं काढता आलं असतं.

आता बँक. ५२ मिनिटं होल्डवर. ६०० बद्दल उत्तर: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कोणी चोरले नाहीत. १४८.५० ची डिस्प्यूट, म्हणजे कार्डाचे पैसे परत मागायची तक्रार, तीन आठवड्यांनी फेटाळली, कारण त्या माणसाने माझाच 'आय ऑथराइज'चा ईमेल पुरावा म्हणून जोडला होता. म्हणून असा रिप्लाय कोणालाही, कधीही करू नका. कॅम्पस पोलिसांनी नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, तो माणूस इथला नाही, ऑनलाइन तक्रार करा. ऑनलाइन फॉर्म भरायला तास गेला, शेवटी एक नंबर आणि 'आम्ही वैयक्तिक प्रकरणं सोडवत नाही' असं वाक्य. बाबांनी तिकडे भारतात चौकशी केली तर पैसे भारतातल्या खात्यातून गेले का, एवढाच प्रश्न. नाही? मग नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेले तर तिथल्या बाईंनी फसवणुकीपासून सावध राहण्याच्या वेबिनारची लिंक दिली. झाल्यावर! प्रत्येकाने सहानुभूती दाखवली, प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं. चोराने निदान फोन तरी पहिल्या रिंगला उचलला होता.

कॅनकूनचं काय सांगू. २० मार्चला चिचेन इत्झाला, माया लोकांच्या जुन्या शहराच्या अवशेषांपाशी, होतो. दिवस-रात्र समान असतात तेव्हा तिथल्या पिरॅमिडच्या पायऱ्यांच्या कडेने सावलीचा नाग उतरतो, म्हणून ही गर्दी. पोरी ओरडत होत्या आणि मी मान खाली घालून बँकेचं ॲप रिफ्रेश करत होते.

मावशीला सांगितलंच नव्हतं. पाडव्याला तिने डेकवर गुढी उभारली, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून कडुनिंबाची पानं आणली होती, श्रीखंड वाढत होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. "मॅडम, आपका रिफंड अप्रूव हो गया है, बस ९९ डॉलर प्रोसेसिंग..." माझा चेहरा बघून काकांनी फोन हातातून घेतला. आधी ऐकून घेतलं, मग शांतपणे विचारलं, "कौनसी एअरलाइन का रिफंड?"

पलीकडे जरा शांतता. मग, "सर, आप बताइए ना."

काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्यानंतर सगळं सांगावंच लागलं. मावशी काही बोलली नाही. श्रीखंडाची वाटी मात्र तिने तशीच झाकून फ्रिजमध्ये ठेवली, मी संध्याकाळी खाल्ली. बँकेकडे दुसऱ्यांदा अपील केलं होतं, त्याचं उत्तर मे महिन्यात आलं: केस क्लोज्ड. तो फोन नंबर इथे देत नाही, कारण तो त्याच आठवड्यात बंद झाला. सर्चमध्ये त्या जागी वर दुसरा आला आहे, मी बघितलाय.