१९:१९:१९ विद्राव्य खत: इंदूरच्या काळ्या मातीतल्या रोपांना कितपत लागू पडतं?

आंबा-पेरूच्या रोपाची पानं पिवळी पडली म्हटलं, की दुकानदार १९:१९:१९ चं किलोचं पाकीट पुढे करतो. माल चांगला आहे. दुखणं मात्र बहुतेकदा वेगळंच असतं.

आधी पान बघा. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडली असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी आहे, आणि तिथे या खताचा गुण आठ-पंधरा दिवसांत दिसतो. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. मालव्याची काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) बहुधा ७.५ च्या वर. लोह मातीत असतं, पण मुळांना मिळत नाही. पाकिटात नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) प्रत्येकी १९ टक्के, लोह नाही. उलट जादा स्फुरदाने लोह आणि जस्त आणखी अडतं. अशा वेळी ईडीडीएचए चिलेटचं, म्हणजे चुनखडीच्या मातीतही मुळांना मिळेल अशा रूपातलं, लोह रोपामागे ५ ते १० ग्रॅम पाण्यातून द्यावं. हिराकस (फेरस सल्फेट) नुसतं ओतलं तर या मातीत ते लगेच निकामी होतं. आणि श्रावणात आळ्यात पाणी साचून पिवळेपणा आला असेल, तर कुठलंच खत नको, चर काढा.

मात्रा: लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. वर्षाच्या रोपाला दोन लिटर, पंधरा दिवसांनी, खोडापासून वीतभर लांब आणि ओल्या मातीतच. कोरड्या आळ्यात किंवा मुठीने दिलं की पानांच्या कडा करपतात. नव्याने लावलेल्या रोपाला पहिला महिना-दीड महिना काहीच देऊ नये, मुळं धरू द्यावीत. कॅल्शियम नायट्रेट त्याच बादलीत नको. पांढरा साका बसतो आणि स्फुरद वाया जातं.

किंमत खटकते. असे दहा हप्ते म्हणजे १०० ग्रॅम खत, त्यातलं नत्र १९ ग्रॅम. तेवढं ४१ ग्रॅम युरियात मिळतं, तेही बरंच स्वस्त. पालाश तर इथल्या मातीत सहसा मुबलकच. कुंडीतल्या रोपांसाठी पाकीट जरूर घ्या. जमिनीतल्या झाडांना घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि थोडा थोडा युरिया पुरतो. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेबांची कंपोस्टची पद्धत ज्या गावाच्या नावाने जगभर गेली, त्या इंदुरात हे वेगळं सांगावं लागू नये!

या खताला माझे गुण पाचपैकी तीन. पाकीट उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळी हवेत गोळे होतात. गोळे पूर्ण विरघळले तर खत वापरायला हरकत नाही.