बाथरूमचा बल्कहेड दिवा: खोक्यावरचा आयपी ६५ आणि मागचं भोक

इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘बाथरूमसाठी दिवा द्या’ म्हटलं की काउंटरवर तीन वस्तू येतात: होल्डरसकट ९ वॅटचा बल्ब, फूट-दोन फुटी एलईडी पट्टी आणि गोल बल्कहेड, म्हणजे भिंतीला सपाट बसणारा बंदिस्त दिवा. अंघोळीच्या जागेला बल्कहेडच घ्यावा, आणि तोही प्लॅस्टिक बॉडीचा.

बाकी दोघांचं आधी उरकून टाकू. होल्डरच्या पितळी पिना वाफेने हिरव्या पडतात, बल्ब अडकून बसतो आणि जोर लावला की टोपी होल्डरमध्येच राहते. पट्टीच्या दोन्ही टोकांना नुसत्या दाबून बसवलेल्या टोप्या असतात. ती बहुधा आयपी २० असते; आयपी म्हणजे धूळ आणि पाणी किती रोखलं जातं त्याचा दर्जा. त्यातल्या शून्याचा अर्थ पाण्यापासून काहीच संरक्षण नाही.

या दोन आकड्यांपैकी पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील, ५ म्हणजे पाण्याची धारही चालेल. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शॉवरच्या जागेत जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत आणि तिच्या बाजूला ६० सेंटिमीटरपर्यंत किमान ४ हवा. आपल्याकडच्या ४ बाय ७ फुटी बाथरूममध्ये शॉवरची जागा वेगळी अशी नसतेच, आणि भिंती धुताना हँडशॉवर कुठेही फिरतो. म्हणून सरळ आयपी ६५ घ्या. एवढ्या खोलीला १० वॅट, म्हणजे साधारण ९०० ल्युमेन, भरपूर झाले. रंग ४००० केल्विनचा बरा. दुकानदार सवयीने ६५००चा देतो; त्यात चेहरा निळसर, आजारी दिसतो.

बॉडीवर अडून बसायचं कारण अर्थिंग. लाइट पॉइंटला बरेच वायरमन फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी ओढतात. धातूच्या बॉडीला तिसरी वायर जोडलेली नसेल आणि आत ओल शिरून फेज बॉडीला टेकली, तर दिवा जळत राहतो आणि पुसायला हात लावणाऱ्याला झटका बसतो. प्लॅस्टिक बॉडीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंग लागत नाही.

आता मागचं भोक. कन्सील्ड वायर भिंतीतून येते, म्हणून ती दिव्याच्या पाठीतून आत घ्यावी लागते. पाठीला पातळ पडद्याची जागा असते आणि खोक्यात एक ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवायचं रबरी बूच, येतो. वायरमन पडदा पेचकसाने फोडतो, दोन सुट्या वायरी आत ढकलतो आणि ग्रोमेट खोक्यासकट कचऱ्यात जातो. तिथेच आयपी ६५ संपला. जळताना आतली हवा तापून बाहेर पडते. अंघोळ आटोपून दिवा बंद केला की ती आकसते आणि त्याच भोकातून बाथरूमची वाफ आत ओढते. हे रोज चालतं. काही महिन्यांत ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर, गंज चढतो, दिवा लुकलुकायला लागतो आणि शिव्या कंपनीला बसतात.

नीट बसवायचं तर ग्रोमेटला केबलपेक्षा बारीक भोक पाडून त्यातून गोल, दुहेरी आवरणाची केबल ताणून घ्यावी. दोन सुट्या वायरींच्या मधल्या फटीवर रबर कधीच घट्ट बसत नाही. आधी एमसीबी (मेन बोर्डातला वीज तोडणारा स्विच) पाडा, गिट्ट्यांमध्ये स्टीलचे स्क्रू लावा. दिवा भिंतीला टेकतो त्या कडेला वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरा, खालची कड मोकळी ठेवा. मागे उतरलेलं पाणी निघायला वाट हवी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, तेव्हा न्यूट्रल क्युअर मागा. काच बसवताना रबरी रिंगला पीळ पडला नाही ना, हे बोट फिरवून बघा.

जोडणीआधी स्विच बंद करून पॉइंटच्या दोन्ही वायरींना टेस्टर लावा. पेटला, तर स्विच न्यूट्रलवर बसवलाय. दिवा बंद दिसला तरी आत फेज राहणार. स्विचची ती जोडणी आधी बदलून घ्या. एमसीबी माणसाला झटक्यापासून वाचवत नाही, त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, लागते. तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबावं.

फॉल्स सीलिंगमधलं पॅनल मात्र फ्लॅटमध्ये टाळलेलंच बरं. दिसतं छान, पण त्याचा ड्रायव्हर वर पोकळीत, नेमका वरच्या मजल्याच्या नहाणी ट्रॅपखाली पडलेला असतो.

आरशावरचा दिवा वेगळा घ्या, तिथे आयपी ४४ पुरतो. छतावरच्या एकट्या दिव्याने हनुवटीखाली सावली पडते आणि दाढी करताना कापतं.

बल्कहेड बसवल्यावर आठवडाभराने अंघोळीनंतर काचेकडे बघा. आतून धुकं दिसलं तर उघडून वाळवा आणि आधी ग्रोमेट तपासा, मग रिंग.