पेनसिल्व्हेनियाच्या शाळेत स्वयंसेवक व्हायचंय? तिन्ही क्लिअरन्सचा लेखाजोखा

पेनसिल्व्हेनियातल्या सरकारी शाळेत वाचनाच्या तासाला मदत करायची, सहलीत मुलांचा गट सांभाळायचा किंवा रोबोटिक्स क्लब चालवायचा, तर आधी क्लिअरन्स, म्हणजे पूर्वेतिहास तपासल्याचे दाखले, लागतात. एक राज्य पोलिसांचा, दुसरा बालशोषणाच्या नोंदींचा आणि तिसरा, सगळ्यांना नाही पण आपल्यापैकी बऱ्याच जणांना, एफबीआयचा. २०११ मध्ये सॅण्डस्की प्रकरण (पेन स्टेट विद्यापीठाच्या माजी फुटबॉल प्रशिक्षकाने केलेलं मुलांचं लैंगिक शोषण) उघडकीला आल्यावर राज्याने बालसंरक्षणाचे कायदे नव्याने बांधले. २०१४ चा कायदा १५३ आणि त्यात दुरुस्ती करणारा २०१५ चा कायदा १५ यांतून सध्याची पद्धत आली. दिवाळीबद्दल एकदाच वर्गात बोलायला जाणाऱ्या पाहुण्याला कायद्याने यातलं काही लागत नाही. मात्र काही स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) कायद्यापेक्षा कडक असतात, म्हणून फॉर्म भरण्याआधी शाळेच्या ऑफिसात विचारून घ्यावं.

तिघांत उत्तम सेवा राज्य पोलिसांच्या ‘पॅच’ या संकेतस्थळाची. खातं उघडायला लागत नाही, आणि नोंद नसेल तर बहुतेकांना निकाल काही मिनिटांत पडद्यावर दिसतो. स्वयंसेवकांना फुकट, इतरांना २२ डॉलर. इथेच पहिली चूक होते: ‘फक्त स्वयंसेवकांसाठी’ असं वेगळं बटण आहे, ते सोडून शेजारचं दाबलं की साइट कार्ड मागते. कार्डाचा रकाना दिसला तर मागे फिरा. जन्मतारीख महिना आधी, मग दिवस. आपल्या सवयीने ४ जुलै हा ०४/०७ असा लिहिलात तर तपासणी ७ एप्रिलला जन्मलेल्या माणसाची होते, आणि तो दाखला शाळा परत पाठवते. दुसरी चूक छपाईची. निकालाचं पान म्हणजे दाखला नव्हे. त्या पानावरून ‘सर्टिफिकेशन फॉर्म’ उघडून शिक्का असलेला कागद घ्यायचा. कंट्रोल नंबर आणि अर्जाची तारीख टिपून ठेवा, नंतर निकाल शोधायला नावासोबत तेच लागतं. नाव आणि जन्मतारीख दुसऱ्या कुणाशी जुळत असेल तर ‘अंडर रिव्ह्यू’ येतं आणि काही आठवडे जातात. घाबरायचं कारण नाही, पण सहल पुढच्या शुक्रवारी असेल तर ती हुकली समजा.

बालशोषणाच्या नोंदींचं पोर्टल ह्यूमन सर्व्हिसेस खात्याचं. फॉर्म तिघांत सगळ्यात कंटाळवाणा, आणि मराठी माणसाला तर जास्तच. आधी कीस्टोन आयडी, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन सेवांचं लॉगिन, काढायचा, मग अर्जाचं कारण निवडायचं. तिथे ‘मुलांशी संपर्क येणारा स्वयंसेवक’ हेच घ्या. शाळेचा कर्मचारी निवडलात तर १३ डॉलर पडतात आणि दाखलाही चुकीच्या कारणाचा निघतो. त्यानंतर १९७५ पासूनचे सगळे पत्ते आणि तेव्हापासून ज्यांच्यासोबत राहिलात त्या सगळ्यांची नावं विचारतात. १९७५ नंतर जन्मलेल्यांनी जन्मापासूनची द्यायची: आई, बाबा, आजी, एकत्र कुटुंबातले काका-काकू, चुलत भावंडं, हॉस्टेलचा रूममेट. हे सगळं एका बैठकीत आठवत नाही. आधी कागदावर वर्षवार यादी करा आणि मगच लॉगिन करा. जुना पत्ता पूर्ण आठवत नसेल तर आठवतो तेवढा, निदान गावाचं नाव तरी, लिहावा. सोशल सिक्युरिटी नंबर देणं ऐच्छिक आहे, त्यामुळे एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या आणि नंबर नसलेल्या आईचंही काम अडत नाही.

लग्नानंतर आपल्याकडे आडनावासोबत मधलं नावही बदलतं. इथल्या यंत्रणेच्या ते डोक्यात नसतं. ‘पूर्वीची नावं’ या रकान्यात माहेरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहायचं. पासपोर्टवर एक आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसरं स्पेलिंग असेल तर ते दुसरंही तिथेच. निकाल बरेचदा काही दिवसांत येतो. मुदत १४ दिवसांची धरून चाला.

तिसरा दाखला बोटांच्या ठशांचा. गेली सलग १० वर्षं पेनसिल्व्हेनियात राहिलेल्या बिनपगारी स्वयंसेवकाला तो लागत नाही, लेखी प्रतिज्ञापत्र पुरतं. न्यू जर्सीतल्या एडिसनहून पेनसिल्व्हेनियातल्या एक्स्टनला चार वर्षांपूर्वी आलात तर ठसे द्यावेच लागतात. काम आयडेंटोगो या खासगी कंपनीकडे आहे आणि स्वयंसेवकांनाही पैसे पडतात, पंचवीस डॉलरच्या आसपास. सगळं अवलंबून आहे सर्व्हिस कोडवर, म्हणजे ठसे कशासाठी देताय ते सांगणाऱ्या, नोंदणी करताना टाकायच्या कोडवर. स्वयंसेवकाचा कोड १-के-जी-६-झेड-जे, शाळेच्या नोकरीचा १-के-जी-६-एक्स-एन. चुकीच्या कोडवर दिलेले ठसे दुसऱ्या कामाला चालत नाहीत. पुन्हा पैसे, पुन्हा अपॉइंटमेंट. ओळखपत्रावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. बोटं कोरडी किंवा झिजलेली असली की ठसे नाकारले जातात. सतत भांडी घासणाऱ्या किंवा बागकाम करणाऱ्या हातांना हा त्रास जास्त. आदल्या दोन दिवसांत हाताला नियमित क्रीम लावा, केंद्रात शिरताना मात्र हात कोरडे हवेत. एकदा नाकारले गेले तर पुन्हा द्यायला वेगळं शुल्क नसतं.

आता या तपासणीतून काय कळत नाही, तेही पाहा. पॅचला फक्त पेनसिल्व्हेनियातले गुन्हे दिसतात. बालशोषणाच्या पोर्टलला याच राज्यातल्या नोंदी. एफबीआयला इतर राज्यांनी कळवलेल्या नोंदी दिसतात, पण भारतातलं काहीही नाही. पुण्याहून गेल्या वर्षी आलेल्या माणसाचे तिन्ही दाखले कोरे आले, तर त्यातून त्याच्या फक्त अमेरिकेतल्या एका वर्षाबद्दल कळतं. म्हणून मुलांना बंद खोलीत एकट्या मोठ्या माणसासोबत न ठेवणारी शाळा कागद नीट लावणाऱ्या शाळेपेक्षा जास्त भरवशाची. मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेलाही हे लागू पडतं. कायद्यात ‘शैक्षणिक उपक्रम’ येतात, मग तो सरकारी शाळेचा असो की मंडळाचा. आपल्याच ओळखीचे आहेत म्हणून शिकवणाऱ्यांचे दाखले न मागणं नियमात बसत नाही.

दाखले ६० महिने चालतात आणि मुदत सगळ्यात जुन्या दाखल्याच्या तारखेपासून मोजतात. स्वयंसेवकाला बालशोषणाचा फुकट दाखला ५७ महिन्यांतून एकदाच मिळतो, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज शेवटच्या तीन महिन्यांत टाकायचा. मूळ प्रती शाळेला देऊन टाकू नका, दाखवून कॉपी द्या. त्याच प्रती दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये किंवा मंडळात बिनपगारी कामाला चालतात. पगारी सब्स्टिट्यूट (बदली) शिक्षक व्हायचं ठरवलंत तर मात्र सगळं नव्याने, पैसे भरून. आणि मधल्या काळात कायद्यात दिलेल्या गुन्ह्यासाठी अटक झाली किंवा दोषी ठरलात, तर ७२ तासांच्या आत शाळेला लेखी कळवणं बंधनकारक आहे.