मळ्यातल्या माडीवरचा रेखाटन वर्ग

पणजीच्या मळ्यात एका जुन्या घराच्या माडीवर महिन्यातून एक रविवार फक्त बायकांसाठी रेखाटनाचा वर्ग भरतो. मॉडेल विवस्त्र बसते. तीन तासांचे ९०० रुपये, कागद आणि चारकोल त्यांचाच. मी फोंड्याहून कदंबच्या बसने गेले. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, पण स्थिरचित्रं आणि नक्षीच्या पुढे कधी गेले नव्हते.

दारातच फोन टोपलीत ठेवायचे. पोझ कधी मोडायची ते मॉडेल ठरवते. तिचं मानधन किती, हे शिकवणाऱ्या बाई सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगतात. मला हे फार पटलं.

मॉडेल पन्नाशीची होती, बेंबीखाली सिझेरियनची उभी खूण. दोन-दोन मिनिटांच्या पहिल्या पोझमध्ये माझा हात आपोआप सपाट पोट, बारीक कंबर काढत गेला. बाई म्हणाल्या, "हे कॅलेंडरवरचं पोट. समोर बघा." मग वीस मिनिटांची पोझ लागली आणि मी वळ्या मोजत बसले. आमच्या गावच्या सातेरी देवीचं, वारुळाच्या रूपात पुजलं जाणारं, वारूळ आठवलं, तसेच मातीचे एकावर एक थर. त्या वारुळाला मी लहानपणापासून हात जोडत आले आणि स्वतःचं पोट मात्र पदराखाली झाकत आले. माझ्याही पोटावर तशीच खूण आहे.

चहाच्या वेळी बाईंनी 'गुरिल्ला गर्ल्स' या स्त्री कलाकारांच्या गटाचं १९८९चं पोस्टर दाखवलं: न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री कलाकार ५ टक्क्यांहून कमी, पण न्यूड चित्रांत ८५ टक्के स्त्रिया. मग सुझान व्हॅलादों. फ्रेंच चित्रकार रेन्वाची मॉडेल होती, पुढे स्वतः चित्रकार झाली. जन्म १८६५चा, आणि १९३१मध्ये तिने स्वतःचं उघड्या छातीचं चित्र काढलं, ओघळलेली त्वचा तशीच ठेवून. त्या एका चित्रासाठी मी पुन्हा जाईन.

जिना अरुंद आहे, धरायला कठडा नाही. गुडघे दुखत असतील तर सोबत कुणाला तरी न्या. पंख्याखालची जागा घेऊ नका, कागद उडतो.

शेवटी मॉडेल गाऊन घालून सगळ्यांची चित्रं बघत फिरली. माझ्यापाशी थांबून म्हणाली, "बाई, टाक्यांची खूण एवढी सरळ नाही. खाली डावीकडे वळते." मी खोडरबर घेतला आणि दुरुस्त केली.