ओपन हार्डवेअर लॅपटॉप बनवताय? लिनक्सचा प्रोसेसर घ्यावा की मायक्रोकंट्रोलर?

आराखडा कुणालाही उघडून पाहता येईल आणि बॅटरी कित्येक दिवस पुरेल, असा लॅपटॉप स्वतः बनवायचं मनात घेतलं की पहिला वाद चिपवरून पेटतो. लिनक्स चालवणारा, मोबाइलमध्ये असतो तसा एआरएम प्रोसेसर घ्यावा की साधा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोसेसर आणि थोडी मेमरी एकाच चिपवर असलेला छोटा संगणक? माझं मत आधीच सांगतो. बॅटरीचं गणित मुख्यतः पडद्यावर आणि मशीन किती गाढ झोपतं यावर बसतं. चिप निवडताना, हा बोर्ड आपल्या हातून पुरा होईल का, एवढं पाहा.

लिनक्सच्या वाटेवर आधी गेलेली मंडळी आहेत. २०१४ मध्ये नोव्हेना हा ओपन लॅपटॉप आला. त्यातली आय.एमएक्स ६ चिप घेण्यामागे एक कारण असं, की तिची कागदपत्रं गोपनीयतेच्या करारावर सही न करता मिळत होती. २०१७ मध्ये ऑलिमेक्सने टेरेस-१ आणला, सुटे भाग घरी जोडायचा संच. नंतर बर्लिनच्या एमएनटी कंपनीचा रिफॉर्म लॅपटॉप आला. त्यात लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ गोल सेल, वापरणाऱ्याला हाताने बदलता येतील असे. प्रत्येकी १.८ अँपिअर-तासांचे धरले तर एकूण ४६ वॅट-तास होतात. मशीनने पडद्यासकट सात-आठ वॅट ओढले तर सहा तास. म्हणजे ओपन झाला, पण ‘लो-पॉवर’ म्हणताना जीभ जरा अडखळते.

या वाटेचं खरं दुखणं मेमरी आहे. प्रोसेसर ते डीडीआर रॅम या तांब्याच्या रेषा मिलिमीटरच्या हिशेबाने सारख्या लांबीच्या काढाव्या लागतात. त्यासाठी बोर्डाला जास्त थर लागतात आणि चिपांना जोडणारे सोल्डरचे गोळे त्यांच्या पोटाखाली असल्याने घरच्या सोल्डरिंग गनचा उपयोग नाही. शिवाय आय.एमएक्स ८एम सारख्या चिपमध्ये ती मेमरी जागी करायलाच उत्पादकाचं बंद फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा कोड) लागतं. बोर्ड ओपन, पण चालू होताच पहिला कोड बंद! म्हणूनच रिफॉर्मसारखा प्रोसेसर वेगळ्या मॉड्यूलवर ठेवणं शहाणपणाचं: पुढे चांगली चिप आली तर तेवढंच बदलायचं.

मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला आकडे एकदम लहान होतात. अपोलो ३ ही चिप दर मेगाहर्ट्झला साधारण सहा मायक्रोअँपिअर घेते. ४८ मेगाहर्ट्झवर सगळं मिळून एक मिलिवॅटच्या आसपास. मात्र रॅम ३८४ किलोबाइट. ब्राउझर विसरा. संपादक, टिपणं, लिस्प किंवा फोर्थसारखी छोटी प्रोग्रॅमिंग भाषा, फार तर फुझिक्स ही युनिक्ससारखी चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम. अपोलो ३ चे गोळेही पोटाखालीच असतात, पण पाय बाहेर असलेला मायक्रोकंट्रोलर निवडला तर बोर्ड दोन थरांत बसतो आणि हाताने जोडता येतो, हे मोठं सुख.

पण एक मिलिवॅटच्या चिपभोवती बाकीचं सर्किट उधळं असलं तर काय होतं, ते मी अनुभवलंय. पहिल्या बोर्डावर सवयीने १११७ जातीचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) लावला. तो काहीही काम नसताना स्वतःच पाच मिलिअँपिअर खातो. चिप झोपलेली, पडदा स्थिर, आणि २,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सतराव्या दिवशी सपाट. डेटाशीटमध्ये तो आकडा पहिल्या दिवसापासून होता, वाचला नव्हता एवढंच. तीच गत कीबोर्डची: कळेची रेष ३.३ व्होल्टला धरून ठेवणारा १० किलोओहमचा एक रोध, म्हणजे पुल-अप, असेल तर ती कळ दाबून धरली की ०.३३ मिलिअँपिअर जातात, म्हणजे जवळपास अख्ख्या चिपएवढे. दर मिलिसेकंदाला कळा तपासत बसण्यापेक्षा कळ दाबली की चिपला जाग यावी, अशी मांडणी करा.

पडद्यात मात्र दोन्ही वाटांची परीक्षा एकच. नेहमीच्या एलसीडीचा बॅकलाइट एकटाच दोन-तीन वॅट घेतो. शार्पचा मेमरी एलसीडी स्थिर चित्र मायक्रोवॅटमध्ये धरून ठेवतो, पण ४.४ इंची पडद्यावर ३२० गुणिले २४० ठिपके मिळतात. ई-इंक डोळ्यांना छान, टाइप करताना मागे पडतं. आणि ठिपके कसे बदलायचे ते ठरवणाऱ्या त्याच्या वेव्हफॉर्मच्या फायली उत्पादकाच्या मुठीत. मधला तोडगा २००७ च्या एक्सओ-१ या शाळकरी मुलांसाठीच्या लॅपटॉपने दाखवला होता: उन्हात बॅकलाइटशिवाय वाचता येणारा साडेसात इंची पडदा, आणि प्रोसेसर झोपला तरी चित्र ताजं ठेवणारी वेगळी चिप. ही दुसरी युक्ती मला पडद्याहूनही मोलाची वाटते. वाचताना आपण मिनिटभर एकही कळ दाबत नाही, तेवढा वेळ प्रोसेसर जागा कशाला?

तेव्हा रोजचं काम ब्राउझरमध्ये असेल तर लिनक्स घ्या, आणि नवा बोर्ड काढण्याआधी टेरेस किंवा रिफॉर्मच्या फायली कायकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आठवडाभर नुसत्या चाळा. लिहिणं आणि किरकोळ कोड एवढंच असेल तर मायक्रोकंट्रोलर घ्या. सहा महिन्यांत हातात चालतं यंत्र येण्याची शक्यता तिथेच जास्त. दोन्ही एका खोक्यात बसवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला. एक झोपला की दुसऱ्याने पडदा आणि कीबोर्ड ताब्यात घ्यायचा, ही देवाणघेवाण जुळवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला, आणि अजून दहातून एकदा कीबोर्ड कुणाकडेच नसतो.