'स्पेंडिंग माय टाइम' की 'उन दीआ सिन ती'? रॉक्सेटचं कोणतं गाणं बसवाल

रॉक बॅलड गायची हौस आहे, स्पॅनिशची एखादी लेव्हल झालीय आणि रॉक्सेट आवडतं, अशांसाठी हे लिहितोय. चाल एकच, गाणी दोन: १९९१ च्या 'जॉयराइड' अल्बममधलं 'स्पेंडिंग माय टाइम' आणि १९९६ चं स्पॅनिश 'उन दीआ सिन ती', म्हणजे 'तुझ्याविना एक दिवस'.

'इंग्रजी ते मूळ, म्हणून तेच खरं' हा मुद्दा इथे फारसा चालत नाही. रॉक्सेट ही स्वीडनची जोडी. गायिका मारी फ्रेडरिकसन काय नि गीतकार पेर गेस्ले काय, इंग्रजीही दोघांनी शिकूनच घेतलेली. अर्थात तिच्यात ते वर्षानुवर्षं गात होते आणि गेस्ले शब्दही स्वतःच लिहायचा. स्पॅनिशचं तसं नव्हतं. 'बालादास एन एस्पान्योल' या अल्बमसाठी त्यांच्या बारा बॅलड्सना लुईस गोमेस एस्कोलार या गीतकाराने स्पॅनिश शब्द दिले (रिकी मार्टिनच्या 'मारिया'च्या गीतकारांतही हे नाव आहे), आणि जुन्याच ट्रॅकवर नव्याने आवाज भरले गेले. त्यामुळे वाद्यांची तुलना करत बसू नका, तिथे हाती काही लागणार नाही. खरा सामना शब्दांचा आणि गळ्याचा.

शब्दांत मी इंग्रजीच्या बाजूने आहे. प्रेम तुटलेल्या बाईची एक साधी सकाळ आहे त्यात. मित्रमंडळी नेहमीचं ऐकवतात, काळ जाईल तसं विसरशील वगैरे. ती त्याला फोन लावते, पण बोलायचं काय ते सुचत नाही, मग आन्सरिंग मशीनवर नुसता एक पापा ठेवून देते. अख्ख्या गाण्याचा जीव मला त्या एका ओळीत दिसतो. रडारड न करता इतकं एकटेपण दाखवणं सोपं नाही.

गोमेस एस्कोलार शब्दाला शब्द लावणाऱ्यांतले नव्हेत, हे अल्बमची नुसती शीर्षकं वाचली तरी कळतं. 'इट मस्ट हॅव बीन लव्ह'मध्ये प्रेम होऊन संपलेलं आहे, त्याचं स्पॅनिश शीर्षक म्हणतं 'हे प्रेम आहे की नाही, ठाऊक नाही'. 'फेडिंग लाइक अ फ्लॉवर'चं तर थेट 'मी एक स्त्री आहे' झालंय! त्या मानाने 'तुझ्याविना एक दिवस' हे मूळ गाण्याच्या बरंच जवळ राहतं. पण इंग्रजीतला भर वेळ कसाबसा ढकलण्यावर, इथे तो 'तू नाहीस' यावर.

चालीत मात्र शब्द काय चपखल बसवलेत! 'स्पेंडिंग माय टाइम'चा जोर 'स्पें'वर आणि 'टाइम'वर. स्पॅनिशमध्ये 'उन' आधी हळूच येतो, मग 'दी'वर पहिला जोर आणि 'ती'वर दुसरा. एक जास्तीचं अक्षर आलं तरी चाल हलत नाही. गाणाऱ्याला खरी अडचण येते ती शेवटच्या स्वरात. 'टाइम'मध्ये 'आ'वर तोंड मोकळं उघडता येतं, 'ती'चा 'ई' अरुंद. वरच्या सुरात तो ताणलात तर आवाज चिरका होतो. जबडा थोडा सैल सोडून सराव करा.

आपल्याला एक फायदा आयताच मिळतो. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य, आणि स्वर पाचच, तेही स्वच्छ. 'सिन ती' आपण अगदी सहज म्हणतो. इंग्रजीच्या 'टाइम'मध्ये मात्र आपला ठसठशीत 'ट' डोकावतोच. फक्त 'दीआ'चा 'द्या' होऊ देऊ नका, तिथे दोन अक्षरं स्वतंत्र ऐकू आली पाहिजेत.

मारीचं गाणं? १९९१ मध्ये ती शब्दांशी खेळते, कुठे श्वास सोडते, कुठे ओळ अर्धवट टाकल्यासारखी करते. स्पॅनिशमध्ये उच्चार जपून, नीटनेटके. त्यात थोडी धार जाते असं मला वाटतं, पण शिकणाऱ्याला तेच सोयीचं, कारण शब्द न शब्द पकडता येतो.

जाता जाता: अमेरिकेत इंग्रजी गाणं बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३२ पर्यंतच पोचलं. त्याच वर्षी अल्बमचं शीर्षकगीत 'जॉयराइड' तिथे पहिल्या क्रमांकावर जाऊन आलं होतं. त्या सुमारास अमेरिकेतल्या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीत विलीनीकरण आणि कर्मचारीकपात चालली होती, त्याचा फटका बसला असं म्हणतात. तेव्हा क्रमांकावरून गाण्याची किंमत करू नका.

तर निवड अशी. नुसतं ऐकायचं असेल, तर इंग्रजी. वर्गाच्या कार्यक्रमात किंवा बँडसोबत गायचं असेल आणि रोज अर्धा तास उच्चारांना द्यायची तयारी असेल, तर बेलाशक स्पॅनिश. इंग्रजी अर्धं पाठ असलेले श्रोते सगळीकडे भेटतात, आणि ते मनातल्या मनात तुमची मारीशी तुलना करत बसतात. स्पॅनिशला तो त्रास कमी. स्पॅनिशचा कराओके ट्रॅक मिळाला नाही तरी अडत नाही. इंग्रजीचाच लावा, फक्त त्यात मागे इंग्रजी कोरस ठेवलेला नाही ना, तेवढं आधी ऐकून घ्या.